चार बोटांची फट

फटीच्या खालच्या फळीला रक्त लागलं होतं. फार नव्हे, पान खाणाऱ्याने जाता जाता बोट पुसावं एवढं. दौलतला आधी तसंच वाटलं. गिरगावातल्या या वाडीतसुद्धा लोक आता कुठेही बोटं पुसायला लागले, असं मनात म्हणत तो फडकं शोधायला वळला. तेवढ्यात लाकूड कुरकुरलं. कासव फटीला तोंड लावून होतं. मागचे पाय मातीत रोवून आणि पुढच्या नखांनी फळी खरवडत ते पुढे रेटत होतं. मधेच थांबायचं, डोकं आत घ्यायचं, पुन्हा बाहेर काढून नाक नेमक्या त्याच जागी लावायचं, आणि पुन्हा रेटायचं. त्यात घाई नव्हती की राग नव्हता. नाकाच्या शेंड्याची साल निघून आतलं गुलाबी मांस दिसत होतं. दौलत तिथेच उकिडवा बसला. काल संध्याकाळीच त्याने हे कुंपण पुरं केलं होतं आणि घरी जाताना स्वतःच्या हाताचा वास घेतला होता. कितीतरी वर्षांनी हाताला सागाचा वास येत होता.

"बघितलंस?" मागच्या दारात कायतान चहाचा मग घेऊन उभा होता. "सकाळी सहापासून चाललंय. व्हायोलाने हळद लावली, ती पण त्याने फळीला पुसून टाकली. तू तिथे काय ठेवलंस रे, खिडकी?"

"हवेला फट ठेवलीय."

"हवेला? वर आख्खं आभाळ उघडं आहे, दौलत. तिथून हवा येत नाय काय?"

दौलतने फळीवरचं रक्त अंगठ्याने पुसलं. कायतान गिरणीत टाइमकीपर होता. दौलत सुतारखात्यात. तीन मिनिटं उशीर झाला तर कायतान मान वर न करता नावापुढे खूण करायचा आणि संध्याकाळी त्याच माणसाबरोबर फाटकाबाहेर चहा प्यायचा. गिरणी गेली तरी चहा राहिला. म्हणून तर शहात्तराव्या वर्षी त्याने चौऱ्याहत्तर वर्षांच्या सुताराला बोलावलं होतं. त्याच्या मुलाने, रॉनीने, चौदा वर्षांपूर्वी बाजारातून करंजीएवढं कासव आणलं. विकणाऱ्याने सांगितलं, एवढंच राहतं. आफ्रिकेतलं ते जनावर रॉनी कॅनडात जाईपर्यंत परातीएवढं झालं आणि तो गेल्यावर दोन माणसांनाही उचलेना. त्याचं नाव मेजर. मेजर न्हाणीघरात राहायचा, दाराची खालची फळी त्याने फोडली, आणि गेल्या महिन्यात कायतानची बायको व्हायोला त्याच्यावर अडखळून पडली तेव्हा तिचं मनगट मोडलं. मग मागच्या अंगणात, चिकूच्या झाडाखाली, त्याला जागा करायची ठरली.

माप रॉनीने तिकडून फोनवर तोंड दाखवून सांगितलं होतं. पंधरा बाय बारा. निदान. दौलतने दोनदा विचारून घेतलं. "अंकल, फूट. इंच नाही," रॉनी हसून म्हणाला. भिंत जमिनीखाली दीड फूट न्यायची, कारण तो खणतो. एका कोपऱ्यात छप्पर, छपराखाली ऊब देणारा दिवा. "थंडी कुठे असते रे गिरगावात?" कायतानने विचारलं, तर रॉनी म्हणाला, "पपा, ही विल फील इट." दौलतने वहीत माप लिहिलं आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिला. पंधरा बाय बारा. लालबागच्या चाळीतली त्याची खोली दहा बाय बारा होती. त्यात तो, बायको रखमा, मुलगा राजेश, आणि दुपार-संध्याकाळ जेवायला येणारे चौदा गिरणीवाले. हे मनात आलं आणि त्याला स्वतःचाच कंटाळा आला. आयुष्यभर हेच माप काढत बसायचं का? जनावराला जागा लागते, माणसाला नाही लागत, त्यात जनावराची काय चूक?

गिरणी गेल्यावर त्याने पोटमाळे बांधले. लालबाग, परळ, काळाचौकी, कॉटन ग्रीन. ज्या खोलीत मावत नाही त्या खोलीत आणखी चार माणसं मावतील असं करून द्यायचं, हा त्याचा धंदा. छपराखाली साडेतीन फूट उंची काढायची, तिथे फळ्या मारायच्या, शिडी भिंतीला चिकटवायची. नवीन लग्न झालं की दौलतला बोलवा, असं बायका म्हणायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या. त्याच्या कामाची एक खूण होती. पोटमाळ्याच्या पुढच्या फळीत, झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत, तो चार बोटांची फट ठेवायचा. कुणी सांगितलं नाही तरी ठेवायचा. गिऱ्हाइकं कुरकुरायची, खालून दिसतं म्हणायची. त्यावर, फट नसली तर ती शवपेटी, असं तो म्हणायचा आणि पुढचं बोलणं खुंटायचं. पहिली फट त्याने स्वतःच्या खोलीत ठेवली होती. रखमा खाली चौदा पानं वाढायची, चूल, वाफ, माणसांचे घामट गुडघे, आणि दोन वर्षांचा राजेश पायात येऊ नये म्हणून वर ठेवलेला. शिडी काढून घेतलेली. पहिले दोन दिवस पोर किंचाळलं. मग दौलतने फळी कापली. त्यानंतर राजेश पोटावर पडून फटीला डोळा लावायचा आणि खालून भाताचं पातेलं घेऊन जाताना रखमा वर न बघता म्हणायची, "बघतंय हां, बाबू. बघतंय." पोर गप्प. त्या एका डोळ्यावर दौलतने पुढची तीस वर्षं काम केलं.

म्हणून काल शेवटची फळी मारताना त्याचा हात आपोआप थांबला होता. बाकीच्या भिंती त्याने कॉटन ग्रीनच्या वखारीतून आणलेल्या जुन्या सागवानाने भक्कम उभ्या केल्या होत्या. पाडलेल्या चाळींचं लाकूड, रंधा मारला की रॉकेलचा आणि सुक्या बांगड्याचा वास सुटत होता. पण पुढच्या बाजूला, वाडीच्या रस्त्याकडे, जमिनीपासून वीतभर वर त्याने चार बोटं जागा सोडली. चौदा वर्षं न्हाणीघरात काढली बिचाऱ्याने. निदान बघू दे, रस्ता, माणसांचे पाय, कायतानची स्कूटर. असा विचार त्याने खरंच केला होता आणि तो करताना त्याला बरं वाटलं होतं.

कायतानने डॉक्टरला फोन लावला. प्राण्यांचा डॉक्टर तरुण असावा, भराभर बोलत होता. फोन लाउडस्पीकरवर होता, त्यामुळे दौलतलाही ऐकू येत होतं. "अंकल, समोरचं दिसतंय का त्याला? मग तो थांबणारच नाही. त्याला भिंत कळते, फट कळत नाही. दिसतंय म्हणजे जाता येतं, एवढंच त्याच्या डोक्यात. नाक जाईल, पण तो ढकलत राहील. बंद करून टाका. काही दिसलं नाही की वळतो आणि विसरतो. क्रूएल्टी नाही ती. फट ठेवणं क्रूएल्टी आहे."

"ऐकलंस?" कायतान म्हणाला.

दौलतने ऐकलं होतं. त्याला कासव दिसत नव्हतं. त्याला सोळाव्या मजल्यावरचा लोखंडी जाळीचा दरवाजा दिसत होता आणि त्या जाळीत अडकवलेली रखमाची बोटं.

गिरणी कामगारांच्या सोडतीत मिळालेली ती जागा. एक खोली, स्वयंपाकघर, आत संडास-बाथरूम. परळच्या एका बंद गिरणीच्या जमिनीवरच्या इमारतीत. तिथे आल्यावर दोन वर्षांत रखमाच्या डोक्यातून माणसं एकेक करून उतरून गेली. आधी सून सीमा गेली, मग राजेश. रोज सकाळी अकराला ती उठते, पदर खोचते आणि दाराशी जाते. दार लावलेलं असलं तर कडीला झोंबते. एकदा तिची बोटांची पेरं सुजून काळी पडली, तेव्हापासून दौलतने दार उघडं आणि बाहेरची जाळी तेवढी बंद ठेवायला लावलं. निदान दिसू दे तिला, तो म्हणाला होता. अगदी हेच शब्द. तेव्हापासून ती अकरा ते तीन जाळी हलवते. लिफ्टकडे जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, "दार काढ गो बाय. माणसा जेवक येतली. भात निवतलो." तळहातांना घट्टे पडलेत, त्यांवर गंज बसलाय. एकदा जाळी उघडी राहिली तर दुपारी ती शिवडीच्या एका गोदामापाशी सापडली. वॉचमनने तिला खुर्ची दिली होती आणि ती त्याला विचारत होती, जेवलास काय रे?

"हीच आपली खोली गो," दौलत तिला सांगतो.

"ही?" ती खोलीभर बघते. "हयसर चूल खंय हा?"

समोरच्या अक्षताचा मुलगा बारावीला होता. ती बाई चांगली होती, पहिले चार महिने काही बोलली नाही. मग सोसायटीचं तक्रारीचं पत्र आलं. मग राजेश ऑफिसातून कुणाकुणाला फोन करायला लागला आणि एका संध्याकाळी बूट काढता काढता म्हणाला, "नेरळला एक जागा आहे, बाबा. झाडंबिडं आहेत, सांभाळायला माणसं आहेत. रविवारी नुसतं बघून येऊ."

"आईला विचारलंस?"

"आईला काय विचारू? ती मला कंडक्टर समजते. काल माझ्याकडे सुटे मागितले तिने."

सीमा आत पोळ्या करत होती. तिचं लाटणं थांबलं होतं. "आम्हाला हौस आहे का, बाबा?" ती आतूनच म्हणाली. "मी दिवसभर ऐकते. तुम्ही खाली बागेत जाऊन बसता." ते खरं होतं. अकराला तो खाली जायचा. कायतानचं काम घेतलं तेही त्यासाठीच. दहाला निघायचं, चारला परत. पंचावन्न वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिची हाक त्याला चार तास ऐकवत नव्हती. नेरळला गेली की तीही ऐकू येणार नाही, असं कधी एक क्षण मनात यायचं, आणि मग तो दिवसभर तोंडात कडू चव घेऊन फिरायचा. नेरळला तिला कोण ओळखणार? इथे तरी ती त्याला अधूनमधून ओळखत होती, गेल्या गुरुवारी दाढी करताना मागून येऊन म्हणाली होती, "कानाकडे ऱ्हवला." परवा रविवार होता.

"फळी आहे ना शिल्लक?" कायतान विचारत होता. "की परत वखारीत जायचं?"

"आहे."

"मग मार की. कसला विचार करतोस? एवढा तर तू तेव्हा पण केला नव्हतास."

"तेव्हा म्हणजे?"

कायतानने चहाचा शेवटचा घोट घेतला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त हजेरी ठेवायची सवय होती. "पत्रे मारलेस तेव्हा."

ते कायतानला माहीत होतं, हे दौलतला माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत, एवढ्या चहांत, तो एकदाही बोलला नव्हता. गिरणीला कुलूप लागल्यावर माणसं यायची थांबली नव्हती. फाटकाला गज होते आणि गजांतून आतलं सगळं दिसायचं. पाण्याची टाकी, सायझिंग खात्याची कौलं, सुतारखात्याचं दार. सकाळी सातला माणसं यायची. काही जण तर डबा घेऊन यायचे. गजांना धरून उभी राहायची, बिडी ओढायची, अमुक खात्याचं छप्पर खचलं बघ, म्हणायची. पुढाऱ्यांनी भाषणं केली, पोलिसांनी दोनदा पिटाळलं, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा गजांशी हात. वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं. मग कंत्राटदाराचा मुकादम सुतार शोधत आला. पत्र्यांना लाकडी चौकट हवी होती. चार दिवसांचं काम. राजेशची शाळा सुरू व्हायची होती, खानावळीत चौदातले तीन उरले होते. दौलत गेला. त्याने पहाटे काम सुरू करून सात वाजायच्या आत आपली बाजू उरकायची असं ठरवलं होतं, म्हणजे कुणी बघणार नाही. मुकादमाने फक्त एक बजावलं, "मिस्त्री, कुठे फट नको." त्या एका कामात त्याने फट ठेवली नाही. चौथ्या दिवशी गेटावर निळ्या पत्र्यांची भिंत उभी राहिली आणि माणसं आली, पत्र्यांसमोर थोडा वेळ उभी राहिली. दुसऱ्या दिवशी निम्मी आली. आठवड्याने कुणी नाही. कुणाला गावी काम निघालं, कुणी भाजीची गाडी लावली. कुणी म्हणालं नाही की आपण सोडून दिलं. फक्त बघायला काही उरलं नव्हतं.

"कायतान, तू तेव्हा का बोलला नाहीस?"

"काय बोलणार? मी पण येत होतो की रोज, फाटकावर. मॅड झालो होतो. व्हायोला रडायची घरात. पत्रे लागले, मग पोस्टात अर्ज केला." त्याने मग दारात उपडा घातला. "एकदा वाटलं तुला सांगावं, थँक्यू. मग म्हटलं, साला मारेल."

दौलतने फळी कापली. वयाने करवत वाकडी जाते, पण ही सरळ गेली. फटीत फळी बसवताना आतून कासवाचं नाक तिला टेकलेलं होतं; त्याने ठोकायचं थांबवून ते बाजूला व्हायची वाट बघितली. बाजूला होईना. मग कायतानने आत उतरून शिव्या देत त्याचं कवच मागून ओढलं आणि दौलतने चार खिळे मारले. शेवटचा खिळा बसला तेव्हा आतून दोनदा ढकललं गेल्याचं त्याच्या तळहाताला कळलं. नंतर एकदा, हळू. मग काही नाही. दोघं कुंपणावरून वाकून बघत राहिले. कासवाने मान उंच केली, फळीकडे बघितलं, निदान तसं वाटलं, आणि गळ्याची कातडी दोनदा हलली. मग ते तोफेचा गाडा वळावा तसं जागच्या जागी वळलं आणि चिकूच्या खाली टाकलेल्या गवताकडे निघालं. अर्ध्या तासाने ते खात होतं.

"विसरला!" कायतान टाळी वाजवून म्हणाला. "बघ, विसरला साला! व्हायोला, ये बघ!"

व्हायोला प्लास्टरमधला हात धरून आली आणि तिनेही पाहिलं. "पुअर थिंग," ती म्हणाली. "आता खूश आहे." दौलतने हत्यारं पिशवीत भरली. कासवाच्या जबड्याचा गवत तोडतानाचा कचकच आवाज येत होता आणि त्याला तो सहन होत नव्हता. त्याला वाटत होतं, त्याने एकदा तरी परत यावं. मान वळवावी. एवढ्या लवकर?

वखारीत जाऊन त्याने प्लायवूडचे दोन पूर्ण तक्ते घेतले. शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवारची सकाळ त्याने काम केलं. राजेशला वाटलं बाबांनी दार दुरुस्तीला घेतलंय; मग दाराची कडी काढताना बघून तो वर्तमानपत्र खाली ठेवून आला. दौलतने आतल्या बाजूने दारावर तक्ता चढवला, चौकटीवरून पुढे नेऊन भिंतीच्या सपाटीला आणला. कडी वर, रखमाचा हात पोचणार नाही तिथे, तुळईच्या सावलीत बसवली. सांध्यांत लांबीची पुट्टी भरली. मग खोलीला लावलेल्याच पिवळट रंगाचे दोन हात त्याने त्यावर दिले, आणि दार लावलं. खोलीत चार भिंती राहिल्या. पॅसेजमधून येणारा उजेड गेला होता. सीमाने दिवसा दिवा लावला.

"कडी दिसतच नाही," राजेश भिंतीवर हात फिरवत म्हणाला. "मानलं, बाबा. हे सुचलं कसं तुम्हाला?"

"फट ठेवलीयत का कुठे?" सीमाने विचारलं. तिला त्याची खोड माहीत होती.

"नाही."

अकरा वाजले. रखमा उठली. तिने पदर खोचला आणि रोजच्या जागी गेली. तिथे पिवळट भिंत होती. तिने उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. दौलत रंगाचा डबा घेऊन दोन हातांवर उभा होता. राजेश आणि सीमा स्वयंपाकघराच्या तोंडाशी. रखमाने तळहात भिंतीवर ठेवला. घट्टा पडलेला, गंजाने तपकिरी झालेला हात. तिने ढकललं, पण जोर नव्हता त्यात. एकदा. तिच्या ओठांची हालचाल झाली. दौलतच्या मनात कुणीतरी ओरडत होतं, ओरड, माणसा जेवक येतली म्हण, हलव भिंत, गो. तो स्वतःच धावत जाऊन कडी काढेल असं त्याला वाटलं आणि तो जागचा हलला नाही. तिने हात काढला. ताजा रंग तिच्या बोटांना लागला होता, तो तिने पदराला पुसला. मग ती वळली.

सीमा रडायला लागली. इतक्या महिन्यांनंतरच्या शांततेचं ते रडू होतं. राजेशने खिशातून फोन काढला आणि हळू आवाजात नेरळच्या माणसाला सांगितलं की उद्या येत नाही, गरज वाटत नाही. पाठ फिरवून त्याने डोळे पुसले. रखमा येऊन भिंतीशी सतरंजीवर बसली, हात मांडीत. तिच्या चेहऱ्यावरची वर्षभराची घाई निघून गेली होती आणि तिच्या जागी काहीच आलं नव्हतं. दौलत रंगाचे हात घेऊन तिच्यासमोर उकिडवा बसला. कानाकडे मुद्दाम राहू दिलेली दाढी त्याने तिच्याकडे केली. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याच्या हातांकडे, कपड्यांवरच्या भुशाकडे तिने बघितलं, आणि तिच्या आवाजात खानावळवालीचा जुना, सगळ्यांना सारखाच वाटला जाणारा मऊपणा आला.

"मिस्त्री, जेवन जावा," ती म्हणाली. "आज माणसा येवची नाय. भात उरतलो."

दौलतने हात धुतले आणि तिने दाखवलेल्या जागी मांडी घातली.